पूजेतली फ्लॉपी

शनिवार, ८ नोव्हेंबर. मुक्काम धार. आजचं काम: दादाच्या डब्यातल्या तीन फ्लॉप्या तपासणे आणि त्यातली एक तरी वाचली जाते की नाही ते जेवणाआधी सांगणे.

जेवणाआधी ही मुदत वहिनींनी घातली होती, कारण सगळा पसारा मी जेवणाच्या टेबलावर मांडला होता. लॅपटॉप, बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह, कापूस, स्पिरिटची बाटली आणि चष्मा पुसायचं फडकं. दादा समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो घरात बनियनवर असतो. पण आज डबा उघडणार होता.

माझी ओळख एवढीच की देवासला मी अकरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. आता एका शाळेत तोच विषय शिकवते, म्हणजे मुख्यतः वायफाय का चालत नाही हे मुख्याध्यापकांना समजावते. जुन्या वस्तूंचा मला शौक नाही. फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे होता तो केवळ कपाट आवरायचं राहून गेलं म्हणून.

दादा पीथमपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. रोज धारहून शिफ्टच्या बसने जायचा आणि यायचा. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कारखान्याने एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढला, तो त्याने घरी आणला आणि दोन वर्षं खपून एक गेम बनवली. नाव ‘शिफ्टची बस’. तुम्ही ड्रायव्हर. सकाळच्या शिफ्टला बस धारहून काढायची आणि भोंग्याच्या आत पीथमपूरला पोचवायची. वाटेत माणसं हात दाखवतात. युनियनचा पुढारी दिसला आणि थांबला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी संप. साहेबाच्या माणसासाठी थांबलात, तर मागचे सगळे शिव्या घालतात. एक जण नेहमी ‘भिया, दो मिनट’ म्हणून डबा आणायला परत घरी पळतो. प्रत्येकाच्या तोंडी एकेक वाक्य, आणि ते मराठीत, म्हणजे आमच्या धारच्या मराठीत. त्या कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून दादाने आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून एकेक अक्षर तयार केलं होतं. ही गेम कोणालाही पूर्ण जिंकता आली नाही. मी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, खऱ्या बसमध्ये तरी कोण जिंकतं.

गेमबरोबर चोवीस पानांची पुस्तिका होती. त्यातली दोन पानं नियमांची आणि बावीस पानं शिस्तीवरच्या दादाच्या विचारांची. ती कोणी वाचणार नाही हे त्याला माहीत असावं, कारण वाचायला लावायची त्याने सोय केली होती. गेम सुरू केली की पहिल्या पडद्यावर गेमचं नाव, त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत दादाचं नाव, आणि त्याखाली प्रश्न: पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा अमुक शब्द कोणता? उत्तर चुकलं की ‘चोरी करू नका’ अशी पाटी यायची आणि कॉम्प्युटर केकाटायचा. हे त्याचं लॉक. धारच्या एका स्टेशनरीच्या दुकानात कंपासपेट्यांशेजारी ही पाकिटं टांगलेली असत. काही विकली गेली. उरलेल्या पाकिटांत दुकानदाराने पुढे राख्या घालून विकल्या.

इतक्या वर्षांनी त्या गेमची आठवण निघाली ती पुण्याच्या एका गृहस्थांमुळे. ज्या गेम आता कुठेच विकत मिळत नाहीत त्या शोधायच्या, जपून ठेवायच्या आणि ज्याला खेळायच्या असतील त्याला फुकट द्यायच्या, असा त्यांचा आणि त्यांच्या काही मित्रांचा उद्योग आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना माझा पत्ता दिला. त्यांच्या यादीत दादाच्या गेमची नोंद आधीच होती. ती मी भाऊबीजेला दादाला फोनवर दाखवली. ‘शिफ्टची बस. निर्माता: अज्ञात. प्रत: उपलब्ध नाही.’

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“अज्ञात म्हणजे काय? मी इथेच राहतो. जन्मापासून पत्ता बदललेला नाही.”

मी त्या गृहस्थांना लिहिलं. त्यांचं नम्र उत्तर आलं की या गेमवर आधीच दोघांनी हक्क सांगितला आहे, एक भोपाळचे आणि एक इंदूरचे, आणि दोघांपैकी कोणाकडेही प्रत नाही. जो प्रत आणेल त्याचं ऐकू.

त्यानंतर दादा मला रोज फोन करू लागला. भोपाळच्या माणसाचा विषय निघाला की त्याचा आवाज चढे. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. दादाचं नाव वीजबिलावर आहे, घरपट्टीवर आहे, निरोपाला मिळालेल्या घड्याळावर आहे, त्यातही एक काना चुकलेला. त्याने स्वतः बनवलेली वस्तू जगात एकच, आणि तिच्यावर भोपाळच्या माणसाचं नाव लागण्याची वेळ आली होती.

“घाबरायचं कारण नाही,” तो मात्र रोज म्हणायचा. “ओरिजिनल माझ्याकडे आहे.”

तर हा तो ओरिजिनलचा डबा. झाकण उघडलं आणि आधी वास आला, देवघराचा. तीन फ्लॉप्या, तिन्हींवर झेंडूची सुकलेली पाकळी, तिन्ही पिवळ्या-लाल.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आजोबांच्या वेळी तलवार होती म्हणतात, मी पाहिलेली नाही. मी पाहिला तो दादाचा टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर आणि अंगणातली स्कूटर. गेम बनवल्यावर पाटावर फ्लॉप्याही आल्या. त्यात चूक काही नाही, मीही क्लासच्या कीबोर्डला फूल वाहायची. पण मी वरून वाहायची.

पहिली फ्लॉपी मी ड्राइव्हमध्ये सरकवली. मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखा आवाज आला. बाहेर काढली आणि तिचं पत्र्याचं झाकण अंगठ्याने बाजूला केलं. आत तपकिरी चकतीवर, अगदी मधोमध, कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. त्याखाली हळद, त्याखाली आधीच्या वर्षाचं कुंकू, असे थर. एका बाजूला तांदळाचा दाणा चिकटलेला.

“हे झाकण कोण उघडतं?” मी विचारलं.

“कुठलं?” वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“फ्लॉपीचं. पूजेला.”

“मीच उघडते. बोटाने धरून ठेवावं लागतं, सारखं मिटतं मेलं. म्हणून दुसऱ्या हाताने कुंकू लावते.”

“आतून?”

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मग कुठून लावणार? यांनीच सांगितलं होतं, वर नुसतं प्लास्टिक आहे, खरी वस्तू आत आहे. मी प्लास्टिकची पूजा करू?”

दादाने शर्टाची बाही सारखी केली. म्हणजे सांगितलं होतं.

“वहिनी, स्कूटरलाही तुम्ही कार्ब्युरेटर उघडून कुंकू लावता का?”

“स्कूटरचं यांनी काही सांगितलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “पूजेने काही बिघडतं असं मी आजवर ऐकलं नाही.”

मी ड्राइव्ह उघडून स्पिरिटने पुसला आणि दुसरी फ्लॉपी घातली. तोच आवाज. पुन्हा पुसून तिसरी. वहिनींनी तिघींत भेदभाव केलेला नव्हता, तिघींना सारखंच कुंकू. कापूस संपत आला आणि टेबलावर लाल बोळ्यांचा ढीग झाला, जसं काही कोणाचा फुटलेला गुडघा धुऊन झालाय. ज्या कॉम्प्युटरवर गेम बनवली तो दादाने कधीच इंदूरच्या दुकानात देऊन त्याच्या बदल्यात नवा आणला होता. अक्षरांची आलेख वही उरली होती, पण वहीतून बस चालत नाही.

“तिन्ही गेल्या,” मी म्हणाले.

“गेल्या म्हणजे?”

“म्हणजे वाचल्या जात नाहीत. जाणारही नाहीत.”

दादाने तिन्ही फ्लॉप्या ओळीत लावल्या, सरळ केल्या, पुन्हा लावल्या. मग त्याने जे बोलायला सुरुवात केली ते मला यायच्या आधीच माहीत होतं. “त्या देवासच्या चोराकडे असेल. त्याच्याकडे नक्की असेल. पण मी त्याच्या दारात जाणार नाही.”

देवासचा चोर म्हणजे आमच्या बाजारातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. सगळा बाजार त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणतो, मीही. झालं होतं असं की दादाच्या कारखान्यातल्या एकाने भियाकडून नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात ‘शिफ्टची बस’ आयती भरलेली निघाली. लॉक गायब आणि लॉकबरोबर पहिला पडदाही, म्हणजे दादाचं नावही. दादा रजा टाकून देवासला आला आणि भर दुकानात भियाला चोर म्हणाला, पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर. भियाने ऐकून घेतलं, चहा मागवला, दादा तो प्यायला नाही. पुढे भियाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती दादाने तशीच परत पाठवली. वीस वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला.

त्या दिवशी दुकानात मीही होते. प्रिंटर दुरुस्तीला आणला होता. आणि लॉक मी तोडलं होतं.

कारण अगदी साधं होतं. क्लासमध्ये टायपिंगचा सराव पोरांना नको वाटायचा, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं मी दादाची गेम लावून द्यायची. देवासची मुलं हिंदी शाळेतली, मराठी घरात बोलणारी पण वाचताना अडखळणारी. तरी बसमधली वाक्यं वाचायला स्क्रीनवर तुटून पडायची. मशीनं सात आणि पुस्तिका एक. दर वेळी पान उघडून शब्द सांगायचा मला कंटाळा आला. एके दिवशी मी लॉक काढून टाकलं, नाव त्याच पडद्यावर होतं ते त्याबरोबर गेलं. त्यानंतर जो कोरी फ्लॉपी आणेल त्याला मी गेम उतरवून देई. क्लासला प्रवेश बरे आले त्या वर्षी. भियालाही मीच दिली, एक मशीन नीट चालतंय का बघायला. दादा दुकानात ओरडत होता तेव्हा भियाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी प्रिंटरकडे पाहिलं. पुढे माझी सगळी मशीनं मी त्याच्याचकडे दिली आणि त्यात सगळं फिटलं असं समजून चालले.

आता मात्र पंचाईत होती. प्रत भियाकडे असणार, मी मागितली तर मिळणार. पण ती नाव नसलेली प्रत पुण्याला पाठवली, की ‘निर्माता: अज्ञात’ त्यात पक्कं होणार. नाव होतं आणि ते काढलं गेलं, हे सांगू शकणारी व्यक्ती एकच. भोपाळचा माणूस ते सांगणार नव्हता.

वहिनी ताटं घ्यायला लागल्या होत्या. मी म्हणाले, “दादा, भियाने चोरी केली नाही. लॉक मी तोडलं. कॉपी मी वाटल्या. त्यालाही मीच दिली.”

वहिनींच्या हातातली वाटी हवेतच राहिली.  दादा काय म्हणेल याचा मी बसमध्ये पुष्कळ विचार केला होता. त्यातलं काहीच तो म्हणाला नाही.

“कसं तोडलंस?”

“अरे, त्याचं काय आता.”

“नाही, सांग. मी त्यात दोन ठिकाणी तपासणी ठेवली होती.”

“दुसरी मला दिसलीच नाही. पहिली काढली तशी गेम चालू झाली.”

“किती वेळ लागला?”

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. “गॅसवर चहा ठेवला होता. तो होईपर्यंत.”

चोरीपेक्षा हे त्याला जास्त लागलं, स्पष्ट दिसलं. दोन महिने खपून त्याने ते लॉक बनवलं होतं. तो उठला, हात धुऊन आला, परत बसला.

“आणि नाव?”

“त्याच पडद्यावर होतं. पडदा गेला.”

“तेवढं ठेवता आलं नसतं?”

“आलं असतं,” मी म्हणाले. “मी विचार केला नाही.”

डाळ-बाफले झाले होते. आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनींनी तूप वाढताना मला नेहमीपेक्षा कमी वाढलं, हे मी नोंदवून ठेवलं. शेवटी दादा म्हणाला, “त्याचा नंबर दे.”

“मी करते फोन.”

“चोर मी म्हणालो होतो. तू नाही.”

त्याने स्पीकर लावला. तो फोनवर कायम स्पीकर लावतो.

“मैं धार से बोल रहा हूँ.”

“कौन धार से?”

“वो... गेमवाला.”

पलीकडे दुकानाचा आवाज येत होता. मग भिया म्हणाला, “अच्छा, भाईसाब. बोलो.”

“वो गेम है क्या अब भी आपके पास?”

“पड़ी है. पर भाईसाब, चोरी तो मैंने नी की थी.”

“मालूम है.”

“कब मालूम पड़ा?”

“आज. खाने से पहले.”

“चलो,” भिया म्हणाला, “जल्दी पता चल गया.”

दादाने फोन तोंडाजवळ धरला. तो “माफ करना” म्हणाला का? म्हणाला, पण इतक्या हळू की भियाने “क्या?” विचारलं आणि त्याला ते पुन्हा, मोठ्याने, म्हणावं लागलं. वहिनी भांडी घेऊन आत गेल्या.

“दीदी को भेज दो कल सुबे,” भिया म्हणाला. “इतवार है, दुकान आधे दिन खुली रेगी.”

पुढची अडचण पुण्याची. त्यांनी कळवलं होतं की प्रत जशी असेल तशीच द्या, तिच्यात काही सुधारू नका, बाकी माहिती आम्ही बाजूला लिहितो. मी दादाला म्हणाले होते की पहिला पडदा मी तासाभरात परत बनवून देते, आलेख वही आहेच. तो ते धरून बसला होता.

“म्हणजे गेममध्ये माझं नाव येणार नाही.”

“बाजूला येईल.”

“बाजूला,” दादा म्हणाला. बस भरलीय, बॉनेटवर बसा, असं सांगितल्यावर माणूस म्हणतो तसं.

“आणि एक लेखी परवानगी हवी. कोणीही उतरवून घ्यावी, कोणालाही द्यावी, अशी.”

“कोणीही?”

“आजवर तेच झालंय.”

त्याने तिन्ही फ्लॉप्या परत डब्यात ठेवल्या. “नवं लॉक घालता येईल का? जरा चांगलं?”

“येईल. मग तेही तुझ्या डब्यात ठेव आणि खंडेनवमीला वहिनींना दे.”

वहिनी आतून म्हणाल्या, “मी आता फक्त वरून लावीन.”

दादा हसला नाही. पण त्याने पॅड ओढलं आणि परवानगी लिहून दिली, मोठ्या अक्षरांत, नाव वडिलांच्या नावासकट, खाली सही. मग कागद माझ्यापुढे सरकवला. “आता खाली तू लिही. नाव होतं आणि ते तू काढलंस.”

“मी मेलमध्ये लिहीन.”

“इथे लिही. माझ्यासमोर.”

मी लिहिलं. त्याने वाचलं आणि ‘चुकून’ हा शब्द खोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने निघाले, इंदूरला गाडी बदलली आणि घरी न जाता सरळ भियाच्या दुकानात गेले. त्याने सीडी काढून ठेवली होती. वर स्केचपेनने ‘टाइमपास ३’. ‘शिफ्टची बस’ आणखी चाळीसेक गेमांच्या गर्दीत होती. मी ती लॅपटॉपवर उतरवली, जुन्या गेम नव्या मशीनवर चालवायचा प्रोग्राम होता त्यात उघडली. बस निघाली, पहिला थांबा आला, एकाने हात दाखवला. मी बंद केली. चालते आहे एवढंच बघायचं होतं.

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं,” मी म्हणाले.

“हाँ,” भिया म्हणाला, “चाहिए तो था.” आणि त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं.

पुण्याच्या यादीचा फॉर्म मी तिथेच भरला. निर्माता: दादाचं पूर्ण नाव. प्रतीतले बदल: नावाचा पडदा काढलेला, कोणी काढला, तिथे माझं. कागदाचा फोटो जोडला. त्याखाली एक चौकोन होता, प्रत कोणी जपली. भिया मागे उभा राहून वाचत होता.

“इसमें मेरा आएगा?”

“तुम्हारा ही आएगा.”

“तो दुकान का नंबर भी डाल दो.”

“नंबर नहीं डलता, भिया.”

मी दादाला फोन लावून विचारलं, भियाचं नाव घालते आहे, चालेल ना. तो म्हणाला, “माझ्या खाली येईल ना?”

“पुष्कळ खाली.”

“मग घाल. आणि नीट लिही, त्याच्याकडून विचारून घे.”

मी भियाला पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. ते लिहिलं, फॉर्म पाठवला, आणि आलेच होते म्हणून प्रिंटरची काळी शाई घेऊन घरी गेले.